कोरे पत्र आणि भरलेला ग्रंथ

श्रीसंत मुक्ताईच्या चरणी मस्तक ठेवून आज एका प्रश्नाचा विचार करू. हल्ली दिंडीत, पारायणाच्या मंडपात आणि घरोघरी हा प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. ज्ञानेश्वरीचे किंवा गाथेचे नित्यवाचन छापील ग्रंथावरच करावे, की मोबाईलच्या पडद्यावर केले तरी चालते? ग्रंथ हाती नाही, नुसती काचेवर अक्षरे दिसतात, असे वाचन देवाला पावते काय?

सज्जनहो, वारकऱ्याला ग्रंथ म्हणजे नुसते पुस्तक नव्हे. आपण तो वस्त्रात बांधून ठेवतो, पाटावर मांडतो, बुक्का-तुळस वाहतो आणि मग उघडतो. ज्ञानेश्वरीला आपण माउलीच म्हणतो. म्हणून जुने वारकरी म्हणतात, "अहो, ज्या मोबाईलवर माणूस दिवसभर भांडतो, नको ते पाहतो, त्याच्यावर माउली वाचायची? आणि ओवी अर्धी वाचून होते न होते, तोच घंटी वाजते! मग कसली ओवी आणि कसला अर्थ?" हे म्हणणे खोटे नाही.

पण दुसरी बाजूही ऐका. आपल्या मुक्ताईची पालखी मुक्ताईनगराहून निघते आणि बुलढाणा, जालना, बीड अशा मजला मारीत महिन्याहून अधिक दिवसांनी पंढरीला पोहोचते. एवढ्या वाटेत सार्थ ज्ञानेश्वरीचे ओझे डोईवर घेऊन चालणे सर्वांच्या आवाक्यातले नाही. पावसाने पाने भिजतात ती वेगळीच. आणि साठी उलटलेली माय बारीक टाईप वाचू शकत नाही. ती नातवाला म्हणते, "भाऊ, अक्षर जरा मोठं कर." नातू दोन बोटांनी अक्षर मोठे करतो आणि तिची सुटलेली नेमाची ओवी पुन्हा सुरू होते. तिचे हे वाचन कमी प्रतीचे, असे कोण म्हणेल?

आता सिद्धान्त पाहू. ज्ञानोबारायांनी शके १२१२ मध्ये नेवाशास गीतेवर टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबा तिचे लेखक झाले. त्यानंतर शतकानुशतके हा ग्रंथ हातांनी उतरून घेतला गेला. पुढे १८४५ साली बाळशास्त्री जांभेकरांनी तो शिळाछापावर, म्हणजे दगडावर अक्षरे उमटवून, प्रथम छापला. तुकोबारायांची गाथा सरकारी मदतीने मुंबईस इंदुप्रकाश छापखान्यात छापून १८६९ साली बाहेर पडली. आज मराठी विकिस्रोतावर हे ग्रंथ कुणालाही विनामूल्य वाचता येतात. पोथीचे छापील पुस्तक झाले, पुस्तकाचा पडदा झाला. ग्रंथाने वस्त्रे पालटली, ग्रंथ तोच राहिला.

आणि प्रत्येक वेळी लोकांना शंका आलीच. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली पंचांग छापले, त्या काळी कित्येक लोक छापलेल्या कागदाला शिवायला कचरत. शाईत चरबी असते असे ते म्हणत. म्हणून शाईत तूप घालून धर्मग्रंथ छापावे लागले. आज जे छापील पोथीचा अभिमान धरतात, त्यांच्या पणजोबांना कदाचित तीच पोथी विटाळाची वाटली असेल! तेव्हा साधन नवे आहे, एवढ्यानेच ते अपवित्र ठरत नाही.

मग जपायचे काय? ते नाथमहाराजांनी दाखवून दिले आहे. उतरून घेता घेता ज्ञानेश्वरीत चुका शिरल्या, कुणी आपल्या ओव्या घुसडल्या. नाथांनी शके १५०६ मध्ये ग्रंथ शुद्ध केला आणि पुढे कुणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. नाथांना चिंता कागदाची नव्हती, पाठाची होती. आज तीच चिंता मोबाईलवर शतपट झाली आहे. कुणीतरी चार ओळी जुळवतो, शेवटी तुकोबांचे नाव ठोकतो आणि सकाळपर्यंत ती रचना हजारो लोकांकडे जाते. भाबडे लोक ती कीर्तनातही म्हणतात! बाबांनो, संताच्या नावावर खोटा अभंग पुढे ढकलणे हे नाथांची आज्ञा मोडणेच होय.

म्हणून पहिला नेम असा: वाचन कागदावर असो वा काचेवर, आधी विचारावे, "ही प्रत कोणाची?" साखरे महाराजांची परंपरा, मामासाहेब दांडेकरांची सार्थ प्रत, सरकारी गाथा असा ज्या प्रतीचा धनी माहीत आहे, तीच घ्यावी. ज्याचा ठावठिकाणा नाही, तो अभंग पुढे पाठवू नये. आणि ज्यांनी अर्थ लिहिण्यास आयुष्य वेचले, त्यांचे पुस्तक चोरून उतरवून फुकट वाटू नये.

दुसरा नेम चित्ताचा. मोबाईलवर वाचायचे तर आधी फोन आणि निरोप बंद करावेत, जागेवर बसावे, नमस्कार करावा आणि नेम संपेपर्यंत दुसरे काही उघडू नये. हे जमत असेल तर पडदाही पोथीच आहे. जमत नसेल तर छापील ग्रंथ उत्तम. त्यात मध्येच कुणाचा निरोप येत नाही.

तिसरा नेम घराचा. वाटेवर, प्रवासात, डोळे अधू असता किंवा एखादी ओवी चटकन शोधायची असता मोबाईल खुशाल घ्यावा. पण घरात एक तरी छापील ज्ञानेश्वरी आणि गाथा असावीच. मोबाईल चार-पाच वर्षांत जुना होऊन जातो. आजोबांनी ओवीशेजारी पेन्सिलीने केलेली खूण मात्र नातवाच्या हाती लागते. पाटावर ठेवलेला ग्रंथ पोरे येता-जाता पाहतात आणि एखादे दिवशी उघडतातही. खिशातला ग्रंथ त्यांना दिसतच नाही.

आता मुख्य गोष्ट. तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवाचे देऊळ आहे आणि पलीकडे मेहूणला मुक्ताई शके १२१९ मध्ये विजेच्या लोळात गुप्त झाली. गुरू आणि शिष्य ह्याच मातीत जवळजवळ आहेत. चांगदेवांनी ज्ञानदेवांना पत्र लिहावयास घेतले, पण वयाने लहान आणि ज्ञानाने थोर अशाला कोणता मायना लिहावा हे त्यांना सुचेना. म्हणून कोरेच पत्र धाडले. ते पाहून मुक्ताई हसली, चौदाशे वर्षे जगून हा कोराच राहिला म्हणाली. उत्तरादाखल ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. पण तेवढ्यानेही चांगदेवांचे कोरेपण गेले नाही. त्याला मुक्ताईची कृपा लागली.

ह्यातले वर्म ध्यानी घ्या. कागद भरला म्हणून माणूस भरत नाही. कपाटात शंभर ग्रंथ आहेत, त्यांना वाळवी लागली आहे. मोबाईलात हजार ग्रंथ उतरवून ठेवले आहेत, एकही उघडलेला नाही. दोघेही कोरेच! आणि ज्या माउलीला अक्षर येत नाही, पण हरिपाठ मुखोद्गत आहे, तिच्या अंतरी ग्रंथ भरलेला आहे.

तर माय-बापहो, वाद सोडा आणि नेम धरा. ज्ञानेश्वरीच्या ओव्या सुमारे नऊ हजार. रोज २५ वाचल्या तर वर्षात ग्रंथ पुरा होतो. त्यांतली एक तरी ओवी अर्थासह घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. कागदावरून वाचा, काचेवरून वाचा. पण मुक्ताईने आपल्याकडे पाहिले, तर आपण कोरे निघू नये, एवढे मागणे तिच्याच पायी मागू.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!