जिभेची साक्ष

शहापूरच्या सराफ गल्लीत माझ्या आजोबांची छोटी पेढी होती. मुनीम मोडीचा दागिना आतल्या खोलीत आणून देई. आजोबा तो काळ्या कसोटीवर घासत, शेजारी ठाऊक कसाच्या सोन्याची रेघ ओढत आणि दोन्ही रेघांवर तेजाबाचा थेंब सोडत. कोणती रेघ टिकते, कोणती फिकी पडते, ते पाहून भाव ठरे. दागिना कोणाच्या घरचा, हे ते त्यानंतरच विचारीत. "आधी घर कळलं की डोळे बिघडतात," असे ते म्हणत. हा मला त्यांचा विक्षिप्तपणा वाटे. त्याचा अर्थ कळायला मला सातासमुद्रापार जावे लागले.

मुलीकडे कॅलिफोर्नियाला गेलो असताना जावयांनी नापा खोऱ्यात नेले. तिथे मळ्यामळ्यांतून वाइन चाखायला देतात. मी न पिणारा. पण घोट थुंकून टाकण्याची सोय असते, म्हणून तयार झालो. पेला कलता धरून रंग पाहायचा, हलवून वास घ्यायचा, मग घोट जिभेवर घोळवून आंबटपणा, तुरटपणा आणि मागे रेंगाळणारी चव जोखायची. पहिली वाइन मला नुसती तुरट लागली, दुसरी बरी. तेवढ्यात किमतींचा कागद हाती आला. पहिली दुसरीच्या चौपट महाग! मी पुन्हा पहिलीचा घोट घेतला आणि मान डोलावून म्हणालो, "हिच्यात काहीतरी खोल आहे." जावई हसले, मीही हसलो. पण मी खोटे बोललो नव्हतो. दुसऱ्या घोटाला ती मला खरोखरच चांगली लागली होती. गोम तिथेच आहे.

याच खोऱ्यातल्या वाइनची एक कथा प्रसिद्ध आहे. २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्पूरियर या इंग्रज व्यापाऱ्याने नऊ फ्रेंच जाणकारांपुढे फ्रान्सच्या आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावे झाकून ठेवल्या. पांढऱ्यांत शातो माँटेलेना आणि तांबड्यांत स्टॅग्ज लीप, अशा दोन्हींत नापाच्या वाइन पहिल्या आल्या. एका जाणकाराने तर कॅलिफोर्नियाची वाइन चाखून, आपण फ्रान्समध्ये परतलो, अशा अर्थाचा समाधानाचा उद्गार काढला होता! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, ही आपली म्हण. तिथे वाळा सोन्याचा निघाला, नावच तेवढे नव्हते.

मग नाव झाकले की न्याय झाला का? तेही खरे नाही. रॉबर्ट हॉजसन या निवृत्त प्राध्यापकाने, जो स्वतः वाइन बनवत असे, कॅलिफोर्नियाच्या राज्य जत्रेतील स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन न सांगता तीनदा दिली. २००८ साली त्याने निष्कर्ष छापले: आपल्याच गुणांशी सुसंगत राहिले ते दहांत जेमतेम एक. हे सारे मुरलेले परीक्षक होते.

हे वाचले तेव्हा मला वाइन आठवली नाही, एक निबंध आठवला. तीसेक वर्षांपूर्वी मी एका शालेय निबंधस्पर्धेचा परीक्षक होतो. कागदांवर नावे होती. विणकराच्या एका मुलीने घरातल्या मागाच्या आवाजावर लिहिले होते. मी समासात 'उत्तम' असा शेरा दिला. मग एका नामांकित घरातल्या मुलाचा निबंध पुन्हा वाचला, आणि दुसऱ्या वाचनात मला त्यात खोली दिसू लागली. मुलीचा 'उत्तम' खोडून मी 'बरा' केला. कोणी दडपण आणले नव्हते, कोणाला खूश करायचे नव्हते. ती खोली मला खरोखर दिसली होती.

मग माझा दोष कोणता? जाणूनबुजून केलेला अन्याय ओळखता येतो. प्रामाणिकपणे केलेला अन्याय करणाऱ्यालाही दिसत नाही. जिभेला काय लागावे, हे आपल्या हाती नाही. पण किमतीचा कागद केव्हा पाहावा, हे आपल्या हाती असते. आजोबांना आपल्या डोळ्यांचा भरवसा नव्हता, म्हणून ते आधी रेघ ओढत. आणि एका दिवसाची जीभ दुसऱ्या दिवशी फिरते हे ठाऊक असेल, तर परीक्षकाने निदान पहिला शेरा खोडू नये. शेजारी दुसरा लिहावा, म्हणजे दोन्ही रेघा दिसत राहतील.

आजोबांची कसोटी आज माझ्या टेबलावर आहे. ती मुलगी पुढे लिहीत राहिली का, हे मला ठाऊक नाही. विचारायला हवे होते. तिचे नाव मात्र मला अजून आठवते. त्या नामांकित घरातल्या मुलाचे विसरलो.