ढालीवर काय कोरायचं?

कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघायची आहे. मुखपृष्ठासाठी घराण्याचं मानचिन्ह हवं, असं मंडळींच्या बैठकीत ठरलं. चित्राचं काम पुतणीकडे आलं, दप्तर काकांकडे आहे.

पुतणी : काका, मधोमध विहीर घेतलीय, पणजोबांनी गावासाठी बांधलेली. वर उगवता सूर्य, खाली पोथी. कसं वाटतं?

काका : देखणं आहे. विहिरीला पैसा कुठून आला, ते ठाऊक आहे ना?

पुतणी : सावकारीतून. म्हणून काय पाणी खारट झालं?

काका : पाणी गोडच आहे. पण हे गहाणखत बघ. कुणब्याला सही येत नव्हती, म्हणून त्याने खाली नांगर काढलाय. तेव्हा रीतच होती तशी. कुणब्याची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा, परटाची मोगरी. ज्याचं जे काम, ते त्याचं चिन्ह.

पुतणी : चार रेघांत काढलाय, पण फाळ कसा नेमका आलाय! शेत गेलं का त्याचं?

काका : गेलं. त्यातले तीन एकर आजही आपल्या सातबाऱ्यावर आहेत.

पुतणी : तरी मी विहीरच ठेवीन. मी जे.जे.त शिकले. ज्यांच्या नावाची ती संस्था, ते जमशेटजी जीजीभॉय 1857 मध्ये बॅरोनेट झाले. त्यांच्या ढालीवर घाटामागून उगवणारा सूर्य आहे, मधमाश्या आहेत. ब्रीद काय, तर उद्योग आणि औदार्य. चीनला विकलेल्या अफूवर एवढी दौलत उभी राहिली, पण अफूचं बोंड ढालीवर कुठेच नाही. म्हणून 1845 चं त्यांचं रुग्णालय खोटं ठरतं का? मानचिन्ह म्हणजे काही खतावणी नव्हे. पुढच्यांनी कसं वागावं, एवढं त्याने सांगितलं की झालं.

काका : सांगणाऱ्याच्या मनात तसं असेलही. बघणारा मात्र ‘असं वागा’ असं वाचत नाही, ‘आम्ही असेच होतो’ असं वाचतो. दोन पिढ्यांनी आपली मुलंही तेच वाचतील.

पुतणी : ठीक. मग विहिरीशेजारी हाच नांगर काढते. लपवाछपवी नको.

काका : जॉन हॉकिन्सनेही लपवलं नव्हतं. 1562 पासून आफ्रिकेतली माणसं गुलाम म्हणून विकणारा इंग्रज दर्यावर्दी. त्याच्या मानचिन्हाच्या तुऱ्यावर दोरीने बांधलेला काळा माणूस आहे. धंदा अगदी खराखुरा दाखवलाय, आणि तोही मिरवायला.

पुतणी : मी मिरवायला काढत नाहीये!

काका : तुझा हेतू शाईत उतरत नाही गं. 1875 मध्ये सुप्याला दंगा पेटला, तेव्हा कुणब्यांनी सावकारांकडून हिसकावून जाळले ते असलेच कागद. त्यांना जे जाळून टाकायचं होतं, ते आपण सोनेरी वर्खात छापायचं? जमीन घेतली, आता निशाणीही घ्यायची?

पुतणी : म्हणजे लपवलं तर ढोंग, आणि दाखवलं तर लूट. मग चिन्हच नको म्हणा ना!

काका : नको असं नाही. मराठ्यांच्या आणि इतरही अनेक कुळांच्या देवकाचा विचार कर. कुणाचं कळंब, कुणाचं मोराचं पीस. लग्नात त्याची पूजा होते, पण एरवीही त्याचा धाक असतो. ज्यांचं देवक कळंब, ते कळंबाला कुऱ्हाड लावत नाहीत. एकच देवक असलेल्या घरांत सोयरीक जुळत नाही. ते चिन्ह कुळाचा मोठेपणा सांगत बसत नाही, कुळाला आवर घालतं.

पुतणी : पण काका, त्या आवर घालण्यालाही अभिमान चिकटतोच. आमचं अमुक देवक म्हणून मिशीला पीळ देणारे कमी आहेत का?

काका : नाहीत कमी. तेवढं मान्य. तरी मिशीवाल्यालाही कुऱ्हाड खाली ठेवावी लागते. म्हणून विचारतो, तुझी ही विहीर आपल्याला कशाची मनाई करते?

पुतणी : ... कशाचीच नाही. वर्गणी द्यायला लावील फार तर.

काका : मग ती जाहिरात झाली.

पुतणी : तुम्ही सांगताय ते मला पटतं, पण पुरेसं वाटत नाही. ते तीन एकर विकायचा विषय पुढच्या बैठकीत आहे ना? बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला. त्या कुणब्याची माणसं गावातच आहेत. सभासदांनी भाव वाढवून घ्यायचा आणि मुखपृष्ठावर मी देवकाइतकं सोज्वळ काहीतरी काढायचं, हे मला जमणार नाही.

काका : कायद्याने ती जमीन आपली आहे. आणि मंडळींत सगळेच काही सुखवस्तू नाहीत. कुणाला मुलीच्या शिक्षणाला पैसे हवेत.

पुतणी : आहे ना. म्हणूनच हा प्रश्न चित्रकाराचा नाही. गहाणखत आतल्या पानावर जसंच्या तसं छापा. तो दस्तऐवज आहे, शोभा नव्हे. मुखपृष्ठावर नुसतं आडनाव राहू द्या. जमिनीचं काय ते आधी ठरू दे. त्यातून आपण स्वतःला कशाची मनाई केली, तर मी ती काढीन.

काका : आणि नाहीच केली तर?

पुतणी : तर काढण्यासारखं काही नाही, असं इतिवृत्तात लिहा.