कुऱ्हाड कोणी उचलावी?

माणसाने माणसाला आज्ञा करावी, हा अधिकार येतो कोठून? वयातून येतो, पगारातून येतो, खांद्यावरच्या फितींतून येतो, असे आपण धरून चालतो. घरात वडील माणूस सांगतो, शाळेत मास्तर सांगतात, कचेरीत साहेब सांगतो, आणि ज्याला सांगितले तो उठतो. आज्ञा पाणी आणण्याची किंवा फळा पुसण्याची असते तोवर या अधिकाराचा हिशेब कोणी मागत नाही. परंतु आज्ञा मरणाकडे बोट दाखवू लागली की सांगणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे खरे नाते उघडे पडते. आपल्यासारख्यांच्या आयुष्यात तसा प्रसंग सहसा येत नाही, हे आपले भाग्य. म्हणून हा प्रश्न पारखण्यासाठी जरा दूरचे, तरी आपल्याशी धागा असलेले एक उदाहरण घेऊ.

पहिल्या महायुद्धात, १९१४ च्या नोव्हेंबरात, हिंदुस्थान सरकारची फौज बसऱ्याला पोहोचली. तीत सहावी पूना डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. आज ज्याला आपण इराक म्हणतो त्या मुलखात तेव्हा धड रस्ते नव्हते. शिधा, दारूगोळा, जखमी माणसे, सारे टायग्रिस नदीतून न्यावे लागे. नदी उथळ, वळणावळणाची आणि दोन्ही काठ शत्रूचे. अशा नदीत फौजेच्या पुढे चालत त्या गनबोटी. गनबोट म्हटल्यावर मोठे लढाऊ जहाज डोळ्यांपुढे आणू नये. नदीवरच्या साध्या आगबोटींवर तोफा चढवून ही कामे भागवली जात.

अशा बोटींवरचा एक अधिकारी म्हणजे लेफ्टनंट कमांडर एडगर कुकसन. १९१५ च्या ९ मे रोजी ‘शुशान’ नावाची लहानशी बोट घेऊन तो फरात नदीच्या एका फाट्यात टेहळणीला गेला. लव्हाळ्यांत दबा धरून बसलेल्या अरबांनी गोळीबार सुरू केला आणि कुकसन आरंभीच जबर जखमी झाला. जखम कशीबशी बांधून होताच त्याने सूत्रे पुन्हा हाती घेतली आणि बोट त्या कचाट्यातून बाहेर काढली. याबद्दल त्याला पदक मिळाले. एवढ्यावर एखाद्याने पुढचे युद्ध किनाऱ्यावर काढले असते, तर कोणी त्याला नाव ठेवले नसते.

त्यानंतर अवघ्या साडेचार महिन्यांनी, २८ सप्टेंबर १९१५ रोजी, कूत गावाच्या अलीकडे तुर्कांशी लढाई जुंपली. तुर्कांनी नदीत आडकाठी घातली होती : मध्ये एक गलबत, दोन्ही बाजूंना दुसरी दोन, आणि तिन्ही पोलादी दोरांनी एकमेकांना जखडलेली. ती आडकाठी पाहून शक्य तर मोडून टाकावी, अशी आज्ञा कुकसनला झाली. ‘कॉमेट’ या बोटीवरून तो निघाला. जवळ जाताच दोन्ही काठांवरून बंदुका आणि मशिनगन सुरू झाल्या. तोफेने मधले गलबत बुडवण्याचा प्रयत्न फसला. तेव्हा त्याने ‘कॉमेट’ त्या गलबताला भिडवली, स्वतः कुऱ्हाड घेतली आणि उडी मारून तो दोर तोडू लागला. क्षणात त्याच्या अंगात अनेक गोळ्या शिरल्या आणि काही मिनिटांत तो मरण पावला. वय ३१ वर्षांचे. इंग्लंडच्या राजाने त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस दिला.

आता यातला बोचरा भाग. त्याच रात्री तुर्क आपण होऊन मागे हटले. दुसऱ्या दिवशी फौज कूतमध्ये शिरली. म्हणजे जो दोर तोडताना हा माणूस मेला, तो दोर सकाळी कोणाचाच राहिला नव्हता.

येथे व्यवहारी माणूस म्हणेल, ‘पाहा! ही वीरश्री की उतावळेपणा? दोर तोडायला हात लागतात, ते कोणाही खलाशाचे चालले असते. अधिकाऱ्याचे डोके ही सगळ्या बोटींची ठेव. ती त्याने दोराच्या मोलाने उधळली.’ हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरने रोग्यासाठी आपलेच रक्त देऊन चक्कर येऊन पडावे, असे आपण म्हणणार नाही. प्रत्येक सेनापती पहिल्या रांगेत धावला तर लढाई होणार नाही, नुसती दंगल होईल. तेव्हा ‘पुढाऱ्याने प्रत्येक वेळी स्वतः उडी घ्यावी’ हा नियम म्हणून टिकत नाही.

परंतु त्या व्यवहारी माणसाचे एक वाक्य मला अडते : ‘कोणाही खलाशाचे हात चालले असते.’ ज्याचे हात चालले असते तो मेलाच असता. मग प्रश्न असा उरतो, की हे काम डोक्याचे नव्हते, नुसत्या हातांचे होते, आणि ते हात परत येण्याची आशा नव्हती, तर सांगणाऱ्याच्या हातांना सूट कोणत्या न्यायाने? फितीने अधिकार मिळतो, पण फितीने जीव महाग होतो काय? आणि ते मरण फुकट गेले म्हणावे, तर उपयोग सकाळी कळतो, निर्णय मात्र रात्रीच करावा लागतो. सकाळच्या उजेडात रात्रीच्या माणसाचा न्याय करू नये.

याच नदीवर या प्रश्नाची दुसरी बाजूही दिसली. फौज पुढे बगदादच्या रोखाने गेली, अडली आणि मागे येऊन कूतमध्येच वेढली गेली. वेढा १४७ दिवस चालला. सोडवायला आलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसे मेली वा जायबंदी झाली. अखेरीस २४ एप्रिल १९१६ च्या रात्री ‘जुलनार’ नावाची आगबोट २७० टन शिधा घेऊन निघाली. तिच्यावरच्या सर्वांनी आपखुशीने नावे दिली होती. फर्मन आणि काउली हे अधिकारी त्यांच्याबरोबरच होते. नदीत आडव्या बांधलेल्या दोराने तीही अडवली. फर्मन बोटीवर पडला; काउलीला तुर्कांनी पकडून ठार केले. पाच दिवसांनी कूत शरण गेले आणि सुमारे १३,००० माणसे कैदेत पडली. त्यांत आपली माणसेही होती. साधे शिपाई उन्हातून, उपाशीपोटी, वाळवंटातून चालवले गेले. हजारो परतले नाहीत. त्यांचा सेनापती टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात सुखाने राहिला.

टाउनशेंडवर अन्याय करू नये. बगदादवर चालून जाण्यास त्याचा मुळात विरोध होता, आणि कैद्याने कोठे राहावे हे कैदी ठरवत नसतो. सेनापतीने वाळवंटात जाऊन मरावे, अशीही माझी मागणी नाही. पण आपल्या माणसांचे हाल आणि आपले सुख यांतले अंतर ज्याला टोचत नाही, त्याने केलेल्या आज्ञा मागे वळून पाहता वेगळ्याच दिसू लागतात.

आणि ज्यांना कुऱ्हाड उचलताच येत नाही, त्यांचे काय? सिमल्याला आणि लंडनला बसून या मोहिमेची सूत्रे हलवणाऱ्यांपुढे नदीही नव्हती आणि दोरही नव्हता. १९१७ साली चौकशी मंडळाचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्यात मोहिमेच्या अनास्थेवर कडक ताशेरे होते. तेव्हा भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. दोषाचा मोठा भाग इतरांकडे असूनही, खाते आपले म्हणून त्यांनी खुर्ची सोडली. खुर्ची सोडणे आणि प्राण सोडणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे खरे. तरीही ज्याच्याजवळ खुर्चीच आहे, त्याने तागडीत दुसरे काय टाकावे?

मला वाटते, कसोटी हीच आहे. आज्ञा करणारा स्वतः गेला की नाही, हे प्रसंगावर अवलंबून राहील. पण दुसऱ्याचे जे त्याने पणाला लावले, त्याच तागडीत त्याने आपलेही काही टाकले आहे काय? टाकले असेल तर आज्ञेला अधिकार आहे. नसेल तर ती नुसती ताकद आहे.

कुकसन ज्या साम्राज्यासाठी लढला ते आपल्यावर राज्य करीत होते. त्याच्या मरणाने त्या मोहिमेला न्याय्यपणा येत नाही. शौर्य आणि कारण यांची खाती निराळी ठेवावीत. एकाच्या जमेने दुसऱ्याचे कर्ज फिटत नाही.

हा विचार सणाच्या दिवशी जड वाटेल. पण आपल्या घरांना तो अपरिचित नाही. दिवाळीच्या पहाटे घरातल्या सगळ्यांना उठवणारी बाई स्वतः सर्वांआधी उठलेली असते, आणि ताटे वाढून झाल्यावर शेवटी जेवते. तिचे सांगणे कोणी मोडत नाही, ते तिच्या वयामुळे नव्हे.

आपल्या काही गावांत एखादा जुना दगड आढळतो. या गावातून इतके जण महायुद्धाला गेले आणि इतके कामी आले, एवढे त्यावर कोरलेले असते. नावे बहुधा नसतात, आकडा असतो. त्यांना जा म्हणणाऱ्यांनी स्वतःचे काय पणाला लावले होते, ते मात्र त्या दगडावर कोणी कोरलेले नाही.