गेलेल्या लेकराचा साधा दिवस

शंका : मूल गेल्यावर आईबापांना त्याच्या वाढदिवसापेक्षा, बक्षिसांपेक्षा एखादा अगदी साधा दिवसच पुन्हा पुन्हा आठवतो. तो दिवस असा जपणे हा मोह समजावा का?

समाधान : समजू नये. अशा दिवसात दुसऱ्याला सांगण्याजोगे फारसे काही नसते. रविवारची दुपार, ओसरीवर उलटी करून ठेवलेली सायकल, परातीतल्या पाण्यात बुडवलेली ट्यूब. बुडबुडे कुठून येतात ते पोराला आधी दिसले, त्याने तिथे बोट दाबून धरले आणि बाप पुसायला फडके शोधत राहिला, एवढेच. वाढदिवसाचे फोटो सगळ्या नात्यागोत्याने पाहिलेले असतात. पाण्यातले ते बोट एकट्या बापाने पाहिलेले असते. त्याने ते सांभाळले नाही तर ते कुणाकडेच उरत नाही.

महाभारतकारांनी बापाचे हे मन नेमके ओळखले आहे. युद्धाच्या तेराव्या दिवशी संशप्तकांशी लढून अर्जुन संध्याकाळी शिबिरात परततो. अभिमन्यू पडल्याचे त्याला अजून कुणी सांगितलेले नाही. वाद्ये थांबलेली आहेत, योद्धे नजर चुकवत आहेत, हे त्याच्या ध्यानात येते. आणि मग तो कृष्णाला म्हणतो की, रोज रणातून परतताना भावांसह हसत सामोरा येणारा सौभद्र आज आलेला नाही. पराक्रमाची वार्ता पुढे कळते. त्याआधी बापाला उणे भासते ते रोजचे सामोरे येणे. शोक करू नये हा गीतेतला उपदेश याच अर्जुनाने ऐकलेला आहे. गीतेतला मोह म्हणजे समोरचे कर्तव्य दिसेनासे करणारा भ्रम. लेकराचा एक रविवार मनात बाळगून जो बाप सोमवारी कामावर जातो, त्याला तो शब्द लावणे अन्यायाचे आहे.

शंका : ‘रडू नका, त्याचा आत्मा अडकेल’ असे वडीलधारे सांगतात. याला शास्त्राधार आहे का?

समाधान : आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो. नातलगांनी गाळलेले अश्रू मृताला नाइलाजाने प्यावे लागतात, म्हणून रडू नये, यथाशक्ती क्रिया कराव्यात, असे याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात म्हटले आहे. मात्र हे वचन कोणत्या वेळचे आहे ते पाहायला हवे. मृताला पाणी देऊन, स्नान करून माणसे बाहेर आली आहेत आणि कोवळ्या हिरवळीवर बसली आहेत. त्यांना जुन्या कथा सांगून त्यांचा शोक हलका करावा, मग लहान मुलांना पुढे घालून सर्वांनी घरी जावे आणि दारात कडुनिंबाची पाने चावावीत, असा तो क्रम आहे. गळून गेलेल्या माणसांना उठवून घरी नेण्याची ती घडी आहे. चार वर्षांनी सायकल पुसताना आईचे डोळे भरले तर तिला हे वचन ऐकवणे म्हणजे शास्त्राचा आधार घेऊन केलेला निष्ठुरपणाच होय.

कालिदासाच्या रघुवंशात वसिष्ठ पत्नी इंदुमतीच्या शोकात बुडालेल्या अजाला हीच समजूत घालतात. स्वजनांचे सततचे अश्रू मृताला पोळतात, असा निरोप ते शिष्याकरवी पाठवतात. अज तो आदराने ऐकून घेतो. तरीही मुलगा दशरथ लहान म्हणून पुढची आठ वर्षे तो कशीबशी काढतो, ती तिचे चित्र पाहत आणि स्वप्नातल्या क्षणभराच्या भेटींवर. कवीने त्याला याबद्दल दोष दिलेला नाही.

शंका : लहान मुलाचे सुतक थोडे असते. मग दुःखही लवकर आवरावे, असा त्याचा अर्थ होतो का?

समाधान : होत नाही. मनुस्मृतीत चौल (जावळ) होण्यापूर्वी गेलेल्या मुलाचे अशौच एक रात्र आणि चौल झालेल्याचे तीन रात्री सांगितले आहे. प्रत्यक्षात घराण्याघराण्यात फरक आढळतो. घर देवकार्याला कधी मोकळे होते, एवढाच तो हिशोब आहे. आईच्या मनाला त्यात दिवस घालून दिलेले नाहीत.

शंका : अशा आईबापांसमोर मुलाचे नाव काढावे की टाळावे?

समाधान : काढावे. महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात कृष्ण द्वारकेला आल्यावर वसुदेवाला युद्धाची हकीकत सांगतो आणि म्हाताऱ्या आजोबाला सोसणार नाही म्हणून अभिमन्यूचा मृत्यू तेवढा गाळतो. सुभद्रा ते ऐकत असते. माझ्या मुलाचे मरणही सांग, असे ती भावाला म्हणते आणि मूर्च्छित होऊन पडते. वसुदेवही कोसळतो, पण सावरल्यावर आपल्यापासून हे का लपवले म्हणून विचारतो आणि मग नातवाचे श्राद्ध करतो. गाळण्यामागे कृष्णाची मायाच होती; तरीही आईला ते सोसले नाही. ‘नको त्यांना आठवण’ म्हणून गप्प बसणाऱ्या शेजारणीने हा प्रसंग आठवावा. ‘आमच्या बंड्याची सायकल तुमच्या पोरानेच एकदा नीट करून दिली होती’, एवढे वाक्य पुरते.

आईबापांनी स्वतः बोलण्यातही कमीपणा नाही; बोलणारा थोर असला म्हणून दुःख उणे होत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा धाकटा मुलगा राजरत्न 1926 मध्ये गेला. तीन मुलगे आणि एक मुलगी अशी चार अपत्ये त्यांनी गमावली. त्याच वर्षी एका स्नेह्याला लिहिलेल्या पत्रात, आपण आणि पत्नी यातून सावरलो असे सोंग करण्यात अर्थ नाही, हे त्यांनी उघडपणे मांडले आहे.

शंका : आठवणीतल्या त्याच दिवशी मुलावर ओरडणे झाले होते. त्याचे पाप लागते का? प्रायश्चित्त काय?

समाधान : हात काळे केलेस म्हणून ओरडणे हे घरोघरचे आहे, त्याला प्रायश्चित्त नाही, कारण ते पाप नाही. उद्या आहे या भरवशावरच आईबाप रागावतात. तो दिवस ओरडण्यासकट आठवावा. जपण्याची गोष्ट आहे ती घरात दुसरे भावंड असेल तर. गेलेल्याचा रविवार रोज त्याच्यासमोर मांडला की त्याचे स्वतःचे रविवार मुके होतात. त्यालाही सायकल द्यावी, आणि ती नवी असावी.

शंका : हे किती वर्षे चालावे?

समाधान : मुदत नाही. झोप, जेवण, कामधंदा महिनोन्‌महिने सुटला असेल तर डॉक्टरांकडे जावे. त्यात श्रद्धेला बाध येत नाही. एरवी आश्रमवासिक पर्व पाहावे. युद्धाला सोळा वर्षे झाली तरी धृतराष्ट्राचा पुत्रशोक शमलेला नाही, असे गांधारी व्यासांना सांगते. द्रौपदी, सुभद्रा आणि कुंती यांचेही दुःख त्यांच्या कानी घालते. इतकी वर्षे का, असे व्यास विचारत नाहीत. ते सर्वांना गंगेकाठी नेतात, तपोबळाने पडलेल्या वीरांना पाण्यातून वर बोलावतात, आणि आईबाप व मुले एक रात्र एकत्र घालवतात. त्या रात्री वैर नसते, जुना राग नसतो, काही सिद्ध करायचे नसते. उजाडताच मुले पुन्हा गंगेत उतरतात आणि मागे राहिलेले आपापल्या ठिकाणी परततात.