मांजराची नखे

माणूस प्राणी पाळतो तो हौसेने, आणि एकदा पाळला की त्याच्याकडून अपेक्षा करू लागतो. पोपटाने बोलावे, पण भलत्या वेळी किंचाळू नये. कुत्र्याने राखण करावी, पण पाहुण्यांवर भुंकू नये. मांजराने मांडीवर येऊन घुरघुरावे, पण गादीला नख लावू नये. या अपेक्षांत वावगे असे काही नाही. एका छपराखाली राहायचे म्हणजे सर्वांनीच थोडे आवरते घ्यावे लागते. प्रश्न उभा राहतो तो त्यापुढे. प्राण्याला आवरत नाही असे दिसले, की आपण काय करावे? त्याला शिकवावे? आपण थोडे सोसावे? की ज्या अवयवाचा त्रास होतो तो अवयवच काढून टाकावा?

मांजराच्या बाबतीत हा तिसरा मार्ग आपल्याकडे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आपले मांजर निम्मे घरचे आणि निम्मे आळीचे. नखांना धार लावायला त्याला परसातला आंबा असतो, शेजाऱ्यांचा दरवाजा असतो. अमेरिकेत आणि कॅनडात मात्र गेल्या शतकाच्या उत्तरार्धात मांजर बंद घरात राहू लागले, घरात भारी कोच आले, आणि पिलाला दवाखान्यात नेऊन त्याची नखे काढून आणणे हा लस टोचण्याइतका साधा रिवाज होऊन बसला.

‘नखे काढणे’ हा शब्दप्रयोगच मुळी फसवा आहे. आपले नख बोटाच्या कातडीतून वाढते. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडावर उगवते. ते पुन्हा उगवू नये म्हणून ते हाडच सांध्यापासून कापावे लागते. पुढच्या प्रत्येक पंजाला पाच बोटे, म्हणजे दोन पंजे मिळून दहा पेरे जातात. आपल्या दोन्ही हातांची बोटे शेवटच्या पेरापाशी छाटली, तर त्याला ‘नखे काढली’ असे कोणी म्हणणार नाही. शिवाय मांजर चालते ते बोटांवर. काही मांजरांचे पंजे आयुष्यभर दुखत राहतात, पाठ दुखू लागते. त्यांच्यासाठी ठेवलेल्या पेटीतली वाळू बोचते म्हणून ती शौचाला भलतीकडे जातात. आणि नखे गेली म्हणून काही जण दातांचा उपयोग करू लागतात. कोच वाचवण्यासाठी केलेला उपाय असा गालिच्यावर येतो.

काही वर्षांपूर्वी अमेरिकेत भाचीकडे मी तीन महिने राहिलो होतो. शेजारी एक वृद्ध बाई एकट्या राहत. सोबतीला एक करडी मांजरी. बाई चहाला बोलावीत तेव्हा ती मांजरी माझ्यासमोर कोचाच्या हातापाशी मागच्या पायांवर उभी राही आणि पुढचे दोन्ही पंजे वरून खाली ओढी. पुन्हा, पुन्हा. कापडावर एक रेघही उमटत नसे. नखे नव्हतीच. परंतु नखांची सवय नखांबरोबर जात नाही. जुने आवरण टाकून नवी धार आणायची, पाठ ताणून घ्यायची, पंजाच्या गंधाने ‘ही जागा माझी’ असे सांगून ठेवायचे, ही सारी कामे तिच्या देहाला अजून आठवत होती. बाई कौतुकाने म्हणाल्या, “पाहा, किती गुणी आहे! काही म्हणून फाडत नाही.”

त्या आणखी एक पिलू आणणार होत्या आणि त्याचीही नखे काढून घेणार होत्या. भाचीने मला आधीच बजावले होते, “मामा, इथे दुसऱ्याच्या घरातले काही बोलायचे नसते हं.” मी बोललो. रागाने नव्हे, डॉक्टर नेमके काय कापतात, तेवढेच सांगितले. बाईंनी कप खाली ठेवला. “मला तर हे कोणीच सांगितले नाही,” एवढेच त्या म्हणाल्या. त्यानंतर मला चहाचे बोलावणे आले नाही. भाचीलाही ते लागले, कारण तिला त्या शेजारी पुढेही राहायचे होते.

दुसऱ्याच्या घरातल्या प्राण्याविषयी बोलावे का, हा प्रश्न म्हणूनच मला सोपा वाटत नाही. मांजर त्यांचे, कोच त्यांचा, पैसे त्यांचे. आणि त्या निर्दय होत्या असेही नाही. मांजरीसाठी त्या रात्री-अपरात्री उठत. परंतु दुखणे मात्र त्यांचे नव्हते. ज्याला दुखते त्याला वाचा नाही, आणि ज्यांना वाचा आहे त्यांना दुखत नाही, अशी येथे अडचण आहे. अशा वेळी सभ्यपणाने गप्प बसणे म्हणजे तटस्थ राहणे नव्हे. ते कापणाऱ्याच्या बाजूने दिलेले मत ठरते.

कोणी म्हणतील, नखे काढली नाहीत तर लोक मांजराला घराबाहेर काढतील. त्यापेक्षा पेरे गेलेली बरी. खरोखरच दुसरा उपाय नसता तर या म्हणण्यापुढे मान तुकवावी लागली असती. पण उपाय आहेत, आणि स्वस्त आहेत. नखांची टोके दोन-तीन आठवड्यांनी कातरता येतात. एका खांबाला काथ्याची दोरी गुंडाळून ठेवली, तर मांजर बहुधा तिकडेच वळते. घरात आजारी माणूस आहे, ओरखड्यातून रोग होईल, असेही सांगतात. परंतु अमेरिकेचे सरकारी आरोग्यखातेसुद्धा त्यासाठी नखे काढा असे सांगत नाही.

शिवाय बोलल्याने काही होत नाही, हे खरे नव्हे. युरोपातील राष्ट्रांच्या १९८७ च्या करारात ही शस्त्रक्रिया निषिद्ध ठरली. अमेरिकेत पहिली बंदी आली ती वेस्ट हॉलिवूड या लहानशा शहरात, २००३ साली. तिच्यामागे जेनिफर कॉनरॅड या पशुवैद्य बाई होत्या. नखे काढल्यामुळे लंगडणारे वाघ-सिंह त्यांनी पाहिले होते, त्यांच्या पंजांवर उपचार केले होते. पशुवैद्यांचीच संघटना बंदीविरुद्ध कोर्टात गेली. २००७ साली वरच्या कोर्टाने शहराच्या बाजूने निकाल दिला. इस्रायलने २०११ मध्ये कायदा केला, न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये. अमेरिकेतील बऱ्याच राज्यांत मात्र अजून बंदी नाही. आपल्याच व्यवसायातील माणसांना दुखवून बोलणे किती कठीण असते, हे ज्याने कधी तसे केले आहे तोच जाणे.

आता कोणी मला विचारील, ‘तुमच्या बैलाच्या नाकातल्या वेसणीचे काय?’ विचारावेच. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत आग्रह धरला, आणि १९६० साली प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध आपल्याकडे कायदा झाला. त्याच कायद्याने गुरांची शिंगे काढणे, डाग देणे, वेसण घालणे यांना, ठरलेल्या रीतीने केल्यास, सूट दिली आहे. पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी देतो आणि नवी वेसणही घालतो. शेतकऱ्याची गरज कोचाच्या कापडापेक्षा मोठी आहे, हा फरक खरा; पण गरज मोठी म्हणून दुखणे लहान होत नाही. हा प्रश्न ऐकून तोंड मिटायचे कारण नाही. परक्याच्या घरी जो विचारला, तो घरी येऊनही विचारावा, एवढाच त्याचा अर्थ.

मांजरीचे दात तिच्या पिलांना लागत नाहीत, असे आपण म्हणतो. दात असतात, पिलू त्याच दातांत धरलेले असते, आणि तरीही लागत नाहीत. म्हणून ती माया. मांडीवर झोपलेल्या मांजराची नखेही अशीच आत मिटलेली असतात. ती कधीही बाहेर येऊ शकतात आणि येत नाहीत, हा त्या मुक्या जीवाने आपल्यावर टाकलेला विश्वास असतो. नखे छाटली की मांजर मांडीवर तसेच बसते. पण त्याच्या मऊपणात त्याने स्वतः दिलेले असे काही राहत नाही. ज्याला आपण आधी निरुपद्रवी करून घेतले, त्याने आपल्यावर विश्वास टाकला की त्याचा निरुपाय झाला, हे पुढे कधीच कळायचे नाही.

वसुबारसेला आपली दिवाळी गाय-वासराच्या पूजेने सुरू होते. त्या दिवशी जनावराच्या कपाळाला कुंकू लावताना त्याच्या अंगावर आपण केलेल्या खुणाही एकदा नीट पाहाव्यात. आणि परदेशी गेलेली लेक किंवा नातू फोनवर सांगू लागला, की ‘मांजराचे पिलू आणले आहे, पुढच्या आठवड्यात त्याची नखे काढायची आहेत’, तर फोन महागडा असो की फुकटचा, सणाचा दिवस असो की नसो, त्याला तिथेच थांबवावे, आणि काथ्याची दोरी कुठे मिळते ते विचारावे.