डीडोसाठी ढाळलेले अश्रू

संत ऑगस्टिन यांनी चौथ्या शतकाच्या अखेरीस आपला 'कन्फेशन्स' हा आत्मनिवेदनपर ग्रंथ लिहावयास घेतला, तेव्हा बालपणीच्या अपराधांत त्यांनी एक चमत्कारिक अपराध नोंदविला. शाळेत असताना व्हर्जिलचे महाकाव्य वाचून ते रडले होते. प्रियकराने टाकून दिलेली कार्थेजची राणी डीडो आत्मघात करते, तिच्यासाठी त्यांच्या डोळ्यांना धार लागली. देवापासून दुरावून मरत चाललेल्या स्वतःच्या आत्म्यासाठी मात्र एक टिपूसही आले नाही.

अभिजात वाङ्‌मयाची थोरवी गाणाऱ्यांनी हा आरोप टाळून पुढे जाऊ नये. डीडो आपल्याकडे काही मागत नाही. शेजारची विधवा मागते. पुस्तकातल्या दुःखाने हळहळून आपण कनवाळू असल्याचे समाधान आपण फुकटात पदरात पाडून घेतो. उत्तम ग्रंथ वाचल्याने माणूस उत्तम होतो, हे मला तरी मान्य नाही. भरलेली कपाटे आणि कोरडे अंतःकरण एकाच घरात सुखाने नांदतात.

तथापि त्याच ग्रंथात ऑगस्टिन सांगतात की, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा 'हॉर्टेन्शियस' त्यांच्या हाती आला आणि त्यांच्या प्रार्थनांची दिशा पालटली. सिसेरो तर ख्रिस्तजन्मापूर्वीच वारलेला! (हा ग्रंथ आज तुटक अवतरणांपुरताच उरला आहे, याची चुटपुट लागून राहते.) आणि डीडो? सुमारे तीस वर्षांनी, बिशप झालेल्या ऑगस्टिनना स्वतःच्या अंतःकरणाची झडती घ्यावयाची होती, तेव्हा साक्षीला तीच उभी राहिली. शाळकरी पोराला रडविणारे काव्य प्रौढ माणसाला जाब विचारू लागले. ते तोवर थांबले होते.

नाथान संदेष्ट्याने दाविदाला आज्ञा वाचून दाखविल्या नाहीत, हे आपण जाणतोच. आज्ञा राजाला तोंडपाठ होत्या. त्याने एका गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, राजा त्या श्रीमंतावर संतापला, आणि मगच नाथानाचे बोट राजाकडे वळले. गोष्ट ऐकताना माणूस सावध नसतो; स्वतःवरचा निकाल तो दुसऱ्याचा समजून देऊन बसतो. दाविदाला ते बोट तत्काळ दिसले. आपल्याला पुष्कळदा वर्षे लागतात, आणि तेवढी वर्षे ज्यांना तग धरता येतो, अशी पुस्तके थोडी.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. ते पुस्तक मी प्रथम विशीत वाचले. मीठदेखील धुऊन घेण्याइतके कडक सोवळे पाळणारे त्यांचे वडील वाचून मी पोट धरून हसलो होतो. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, त्यानंतर पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी घेतला. त्या मधल्या काळात शिवाशिव त्यांच्या मनातून कशी तसूतसूने सुटली, ती पाने मी तेव्हा भराभर उलटली असावीत. मला त्यांत माझ्या कामाचे काही दिसले नाही. मी तर जन्माने ख्रिस्ती. सोवळे ही इतरांची अडचण.

गेल्या वर्षी आमच्या घरी मुलीसाठी एक स्थळ आले. मुलगा सुशिक्षित, सुस्वभावी, मंडळीच्या कामात पुढे असणारा. सर्व चौकशी झाल्यावर मी आवाज किंचित खाली आणून मध्यस्थांना विचारले, "पण ही मंडळी मूळची कोण?" हा प्रश्न आपल्यात कसा विचारतात, हे वाचकांना मी सांगावयास नको. मध्यस्थांनाही त्याचे नवल वाटले नाही. त्यांनी उत्तर दिले, आणि ते ऐकून मी "पाहू" म्हणालो.

पुढे काही दिवसांनी सहज म्हणून 'स्मृतिचित्रे' पुन्हा उघडले. मीठ धुण्याचा प्रसंग आला; सवयीने हसू ओठांवर येऊ लागले, आणि तेथेच थांबले. पुस्तकातला एकही शब्द बदललेला नव्हता. मुलगी समोरच बसून तिचे काही शिवत होती. तिने मान वर करून विचारले, "बाबा, हसता हसता थांबलात का?"

मी तिला पान दाखविले. तिने ते वाचले, माझ्याकडे पाहिले, आणि पुस्तक मिटून माझ्या हाती परत दिले. मध्यस्थांना मी अजून काही कळविलेले नाही.