दर्शन आणि पाहणे

सातारा जिल्ह्यातील औंधच्या डोंगरावर यमाईच्या मूळपीठाकडे चढणाऱ्या भाविकाला वाटेतच श्रीभवानी वस्तुसंग्रहालय लागते, आणि देवीच्या दर्शनाला निघालेल्याने तेथे थांबावे का, हा प्रश्न वरवर सोयीचा वाटला तरी मुळात धर्मविचाराचा आहे.

उपासनेच्या परिभाषेत ‘दर्शन’ म्हणजे नुसते पाहणे नव्हे. प्राणप्रतिष्ठेने, म्हणजे मंत्रविधीने मूर्तीत देवतेचे आवाहन करून नेत्रोन्मीलनाने तिचे डोळे उघडल्यावर, भाविक देवाला पाहतो तसा देवही भाविकाला पाहतो, अशी त्यामागची धारणा असते. संग्रहालयातील मूर्तीला पूजा नाही की नैवेद्य नाही, आणि हात तुटलेली, नाक झिजलेली मूर्ती तर परंपरेने पूजेतून बाद ठरवलेली असते. तेव्हा तेथे जाण्यात पुण्य नाही, हा युक्तिवाद सुसंगत आहे. अपुरा मात्र आहे.

कारण देवळात मूर्ती बहुधा दिसतच नाही. लुगडे, मुखवटा, हार आणि वर्षानुवर्षांचा शेंदूर यांच्याआड मूर्तिकाराची छिन्नी हरवून जाते. वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचे शेंदराचे जाड लेपन २०२२ मध्ये उतरवले गेले, तेव्हाच तिचे मूळ पाषाणरूप आजच्या भाविकांसमोर आले. भक्तीनेच रूप झाकावे, यात एक गंमत आहे.

रूप उघडे दिसले तरी ते पाहायला मन मोकळे असावे लागते. संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टनायकाने रसचर्चेत मांडलेले ‘साधारणीकरण’, म्हणजे ‘हे माझे, हे परक्याचे’ असा भेद गळून पडणे, नवस मनात घोळत असताना कठीणच. संग्रहालयात मागायला कोणी नसते.

स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार असलेले औंधचे संस्थानिक बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये हे संग्रहालय उभारले आणि त्याला देवीचेच नाव दिले, हे योगायोगाचे नसावे. तेथे राजा रविवर्म्याच्या चित्रांप्रमाणेच हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे मायलेकराचे शिल्पही आहे. यमाई हे नाव ‘ये माई’ या हाकेवरून पडल्याचे लोक सांगतात. मूरच्या आईला मात्र कोणी हाक मारीत नाही, तिच्यापुढे नारळ फुटत नाही, आणि म्हणूनच तिच्या दगडाची वळणे निवांतपणे न्याहाळता येतात. तरीही चढताना तेथे रेंगाळू नये, कारण मन तेव्हा वरच्या गाभाऱ्यात अडकलेले असते. संग्रहालय उतरताना पाहावे, मागणे मागून झाल्यावर.